ॲरन कोपलंड यांचं सुरुवातीचं बॅले आणि वाद्यवृंद संगीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन संगीतकार ॲरन कोपलंड म्हटलं की 'ॲपलॅचियन स्प्रिंग' आणि 'रोडिओ' ही नावं लगेच पुढे येतात. त्याआधी, कारकिर्दीच्या सुरुवातीच्या तेरा-चौदा वर्षांत त्यांनी जे लिहिलं ते मात्र फार थोडे लोक ऐकतात आणि त्याहून थोडे वाजवतात. हे पान त्याच कृतींबद्दल आहे. ऐकणारे आणि वाजवणारे दोघंही जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत.

'सुरुवातीचं' म्हणजे नेमकं कुठून कुठपर्यंत?

१९२२ ते १९३५. कोपलंड यांचा जन्म १४ नोव्हेंबर १९०० चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला. १९१७ पासून ते रुबिन गोल्डमार्क यांच्याकडे हार्मनी शिकले. १९२१ च्या उन्हाळ्यात ते फ्रान्सला गेले. फोंतेनब्लोला अमेरिकन विद्यार्थ्यांसाठी नुकतंच सुरू झालेलं एक संगीत विद्यालय होतं, तिथून ते पॅरिसला नादिया बुलांजे या संगीतशिक्षिकेकडे पोहोचले आणि १९२४ पर्यंत तिथे शिकले. १९२२ मध्ये हाती घेतलेलं 'ग्रोग' हे बॅले ही त्यांची वाद्यवृंदासाठीची पहिली मोठी कृती. १९३५ मध्ये पूर्ण झालेली 'स्टेटमेंट्स' हा या टप्प्याचा शेवट मानायला हरकत नाही. पुढच्याच वर्षी 'एल सालोन मेहिको' पूर्ण झालं आणि त्यांची भाषा मुद्दाम सोपी होत गेली.

'ग्रोग'ची गोष्ट काय आहे?

ग्रोग हा जादूगार आहे. तो प्रेतांना उठवतो आणि आपल्यासमोर नाचायला लावतो. मेलेल्यांवर त्याचा जीव आहे, पण ते आपल्याला हसतात असा भास त्याला शेवटी होतो आणि तो उजेडात नाहीसा होतो. संहिता हॅरल्ड क्लर्मन यांची. पुढे ते अमेरिकन रंगभूमीचे मोठे दिग्दर्शक झाले, पण तेव्हा पॅरिसमध्ये कोपलंड यांच्याबरोबर राहणारे तरुण नातेवाईक होते. दोघांनी मुर्नाउ यांचा 'नोस्फेराटू' हा मूकपट पाहिला आणि त्यातून ही कल्पना निघाली. बॅलेचं सुरुवातीचं नाव फ्रेंच होतं, 'ल नेक्रोमान्सिएं'.

रचनेत आधी प्रस्तावना, प्रेतयात्रा आणि ग्रोगचा प्रवेश येतो. मग एका किशोरवयीन मुलाचा नाच, अफूबाजाचा नाच आणि रस्त्यावरच्या स्त्रीचा नाच. त्यानंतर मेलेले आपली टवाळी करताहेत असं ग्रोगला वाटण्याचा प्रसंग, आणि शेवटी उजेड आणि ग्रोगचं नाहीसं होणं. सगळं मिळून साधारण अर्धा तास. अफूबाजाच्या नाचात जॅझचे ठोके डोकावतात. अमेरिका सोडून आल्यावर, पॅरिसमध्ये बसून या तरुणाला जॅझ नव्यानं ऐकू येऊ लागलं होतं, हे त्या पानांत स्पष्ट दिसतं.

हे बॅले तेव्हा रंगमंचावर का आलं नाही?

ते कोणी लिहायला सांगितलेलं नव्हतं. मागे ना नृत्यसंस्था होती, ना नृत्यदिग्दर्शक. पॅरिसमध्ये तेव्हा बॅले हीच नव्या संगीताची मुख्य वाट होती. दियागिलेव यांची रशियन बॅले मंडळी आणि स्वीडिश बॅले दर हंगामात नवी कामं आणत, आणि फ्रेंच संगीतकार मियो यांच्या 'ला क्रेआसियाँ द्यू मोंद'चा १९२३ मधला पहिला प्रयोग कोपलंड यांनी पाहिला होता. अशा वातावरणात मोठं रूप हाताळायला शिकण्यासाठी विद्यार्थ्यानं बॅले लिहिणं बुलांजे यांना योग्य वाटलं. कोपलंड यांनी १९२५ पर्यंत ते लिहिलं आणि १९३२ मध्ये त्यावर पुन्हा हात फिरवला. मग स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांची एकत्र स्वरलिपी, बाजूला पडला. ब्रिटिश संगीतकार आणि कंडक्टर ऑलिव्हर नसन यांनी तो वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधून बाहेर काढला, आणि १९९२ मध्ये पूर्ण 'ग्रोग' पहिल्यांदा मैफलीत वाजलं. त्याआधी दोनच वर्षं, २ डिसेंबर १९९० ला, कोपलंड वारले होते.

'कोर्तेज माकाब्र', 'डान्स सिम्फनी' आणि 'ग्रोग' या तीन वेगळ्या कृती आहेत की एकच?

संगीत एकच, मांडण्या तीन. सर्वात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर.

'कोर्तेज माकाब्र' म्हणजे बॅलेच्या सुरुवातीची प्रेतयात्रा. ती सुटी काढून १ मे १९२५ ला रॉचेस्टरमध्ये हॉवर्ड हॅन्सन यांनी वाजवली. अमेरिकन संगीतकारांच्या नव्या कामांसाठी त्यांनी तिथे जी मैफलींची मालिका सुरू केली, तिच्या पहिल्याच कार्यक्रमात.

'डान्स सिम्फनी' १९२९ ची. तिचे तीन भाग बॅलेतल्या नाचांमधून घेतलेले आहेत. पहिला किशोराचा नाच, त्याला संथ प्रस्तावना जोडलेली. दुसरा स्वप्नात चालल्यासारख्या हलणाऱ्या मुलीचा नाच. तिसरा टवाळीचा नाच. वेळ साधारण अठरा मिनिटं. प्रेतयात्रा यात नाही. म्हणून 'डान्स सिम्फनी' ऐकली की 'ग्रोग' ऐकून झालं, हा समज चुकीचा आहे. ग्रोगच्या प्रवेशाचं जड, खालच्या सुरांतलं, पितळी वाद्यांनी भरलेलं वातावरण या सिम्फनीत मिळत नाही. तिथे मिळतो तो नाचांचा चपळपणा.

कार्यक्रमपत्रिका लिहिताना तारखा नीट द्याव्यात. 'डान्स सिम्फनी, १९२९' एवढंच छापलं की वाचणाऱ्याला ती १९२५ च्या 'म्युझिक फॉर द थिएटर'नंतरची शैली वाटते. मांडणी १९२९ ची, पण संगीत त्याआधीचं, पॅरिसच्या दिवसांत जन्मलेलं आहे.

जुन्या बॅलेतून घाईघाईनं सिम्फनी का काढली?

आरसीए व्हिक्टर कंपनीनं वाद्यवृंदाच्या नव्या कृतीसाठी २५,००० डॉलरचं बक्षीस लावलं होतं. कोपलंड त्यासाठी 'सिम्फॉनिक ओड' लिहीत होते, पण ती मुदतीत पूर्ण होईना. मग त्यांनी 'ग्रोग'मधले नाच जोडून सिम्फनी पाठवली. पूर्ण बक्षिसाला एकही कृती पात्र नाही असं परीक्षकांनी ठरवलं आणि रक्कम पाच भागांत वाटली. कोपलंड, अर्नेस्ट ब्लॉख आणि लुई ग्रूनबर्ग यांना प्रत्येकी ५,००० मिळाले, तर रॉबर्ट रसेल बेनेट यांना दोन कृतींसाठी १०,०००. 'डान्स सिम्फनी'चा पहिला प्रयोग १५ एप्रिल १९३१ ला फिलाडेल्फियात लिओपोल्ड स्टोकोव्स्की यांनी केला.

ही घाई कृतीत ऐकू येत नाही. नाच मुळातच पूर्ण होते. फक्त त्यांचा क्रम लागायचा होता, आणि तो संथ मध्यभागाभोवती दोन वेगवान भाग असा चांगला लागला.

कोपलंड यांच्या सिम्फनी नक्की किती?

क्रमांक असलेल्या तीन. पहिली १९२८ ची, दुसरी म्हणजे 'शॉर्ट सिम्फनी' १९३३ ची, आणि तिसरी १९४६ ची. 'सिम्फनी फॉर ऑर्गन अँड ऑर्केस्ट्रा' आणि 'डान्स सिम्फनी' यांना क्रमांक नाही. यातली खरी मेख अशी की पहिली सिम्फनी ही ऑर्गन सिम्फनीच आहे, ऑर्गन काढून तिचे सूर पितळी वाद्यं आणि सॅक्सोफोन यांना वाटून दिलेली. तिच्या पहिल्या भागाची लहान वाद्यवृंदासाठीची आणखी एक मांडणी १९३४ ची आहे. ती 'प्रील्यूड' या नावानं सुटी वाजते.

ऑर्गन सिम्फनीची पार्श्वभूमी काय?

बुलांजे १९२५ च्या सुरुवातीला ऑर्गनवादक म्हणून अमेरिकेत येणार होत्या. त्यांनी आपल्या विद्यार्थ्यालाच नवी कृती लिहायला सांगितली. ११ जानेवारी १९२५ ला न्यूयॉर्कच्या इओलियन हॉलमध्ये कंडक्टर वॉल्टर डॅम्रॉश यांनी ती वाजवली. तालमीत कोपलंड यांनी स्वतःचं वाद्यवृंदलेखन आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. तोवर जे काही होतं ते कागदावर. प्रयोग संपल्यावर डॅम्रॉश श्रोत्यांकडे वळून म्हणाले की तेविसाव्या वर्षी जो असं लिहू शकतो, तो पाच वर्षांत खून करायलाही तयार होईल. हे वाक्य आजही छापलं जातं आणि त्यामुळे कृती फार भयंकर असेल असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात पहिला भाग अगदी मृदू आहे. बासरी एकटीच सूर धरते आणि बाकीची वाद्यं जेमतेम हलतात. दुसरा भाग स्कर्झो, म्हणजे चपळ, खेळकर चालीचा. त्यात एकच लहान आकृती सतत फिरत राहते आणि तिच्यावर ठोके सरकत जातात. तिसऱ्या भागाची सुरुवात संथ आहे, आणि तिथून तो हळूहळू अख्ख्या ऑर्गनपर्यंत चढतो. सगळं मिळून पंचवीसएक मिनिटं. कृती बुलांजे यांनाच अर्पण केलेली आहे.

ऑर्गन सिम्फनी बसवताना काय बिघडतं?

तीन गोष्टी, आणि तिन्ही ऑर्गनच्या स्वभावातून येतात.

पहिली सुराची. पाइप ऑर्गन तालमीच्या वेळी जुळवता येत नाही आणि त्याचा सूर हवेच्या तापमानाबरोबर चढतो-उतरतो. म्हणून ओबोच्या सुरावर जुळणी करण्याची सवय इथे सोडायची. ऑर्गनचा 'ए' घ्या आणि अख्खा वाद्यवृंद त्यावर जुळवा. दिवे आणि गर्दी यांमुळे सभागृह तापलं की पाइप चढतात, म्हणून मध्यंतरानंतर जुळणी पुन्हा करा. ही कृती कार्यक्रमाच्या दुसऱ्या भागात असेल तर हे विसरून चालणार नाही.

दुसरी वेळेची. पाइप मंचापासून दूर किंवा उंचावर असले की आवाज उशिरा पोहोचतो. स्कर्झोत ठोके सरकलेले असल्यानं एवढासा उशीरही पूर्ण आकृती बिघडवतो. वादकानं कानावर न जाता कंडक्टरच्या बीटवर, किंचित आधीच वाजवायचं. एक माणूस सभागृहाच्या मध्यभागी बसवून तालीम ऐकवल्याशिवाय हे जुळत नाही.

तिसरी वजनाची. इथला ऑर्गन एकल वाद्य म्हणून मिरवण्यासाठी लिहिलेला नाही. बराच वेळ तो वाद्यवृंदातलं एक वाद्य आहे. पहिल्या भागात भारी रजिस्टर (ऑर्गनचे पाइपसंच) उघडली की बासरी गेलीच. पूर्ण आवाज शेवटासाठी राखून ठेवा.

चांगला ऑर्गन नसेल तर डिजिटल वाद्यावर भागवण्यापेक्षा पहिली सिम्फनी घ्यावी. ऑर्गनची अडचण टाळण्यासाठीच कोपलंड यांनी ती मांडणी केली. तिचा पूर्ण प्रयोग १९३१ च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये अर्नेस्ट आन्सेरमे यांनी केला.

या संगीतात जॅझ नेमकं कुठे आहे?

सगळ्यात जास्त लयीत, मग सुरावटीत. कोपलंड यांनी १९२७ मध्ये 'मॉडर्न म्युझिक' या नियतकालिकात यावर लेख लिहिला आणि आपल्याला काय सापडलं ते सांगितलं. चार बीटच्या बारमध्ये, म्हणजे स्वरलिपीत दोन उभ्या रेषांमधल्या खंडात, आठ लहान मात्रा असतात. डावा हात चार बीट सरळ ठेवतो. उजवा हात त्याच आठ मात्रा ३ आणि ५ अशा गटांत वाजवतो. दोन लयी एकाच वेळी चालतात.

हे अंगात भिनवायचं असेल तर पायानं चार सारखे ठोके द्या आणि तोंडानं एक ते आठ मोजा. टाळी पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर. पहिली टाळी पायाबरोबर पडते, दुसरी दोन ठोक्यांच्या मधोमध. आपल्याकडे तालाचे खंड एकदा ठरले की आवर्तनभर आणि पुढेही तेच राहतात. कोपलंड मात्र बारगणिक विभागणी बदलतात. या बारमध्ये ३ आणि ५, पुढच्यात ५ आणि ३, त्यापुढे एक मात्रा कमी. समेवर येण्याची वाट पाहणाऱ्या कानाला म्हणूनच हे संगीत सुरुवातीला पाय घसरल्यासारखं वाटतं. लहान मात्रा धरून ठेवा, बीट धरू नका. लगेच घडी बसते.

सुरावटीतलं जॅझ म्हणजे ब्लूजचे खाली झुकलेले तिसरे आणि सातवे स्वर, मूट (आवाज दाबणारी टोपी) लावलेला ट्रंपेट आणि क्लॅरिनेटची किंकाळी. हे 'म्युझिक फॉर द थिएटर' आणि पियानो कंचेर्टो या दोनच कृतींत उघड आहे. नंतर रंग गेला, लय मात्र आयुष्यभर राहिली.

'म्युझिक फॉर द थिएटर' कोणत्या नाटकासाठी लिहिलं?

कोणत्याही नाही. लिहिताना डोळ्यांसमोर नाटक नव्हतं. संगीतात ठिकठिकाणी रंगभूमीची हवा आहे म्हणून हे नाव पडलं. लीग ऑफ कंपोझर्स या संगीतकारांच्या संस्थेनं ते बॉस्टन सिम्फनीचे कंडक्टर सर्गेई कुसेव्हिट्स्की यांच्यासाठी लिहवून घेतलं. १९२५ च्या उन्हाळ्यात कोपलंड यांनी त्याचा बराच भाग न्यू हॅम्पशरमधल्या मॅकडॉवेल कॉलनीत लिहिला आणि २० नोव्हेंबर १९२५ ला बॉस्टनमध्ये पहिला प्रयोग झाला.

पाच भाग आहेत: प्रोलॉग, डान्स, इंटरल्यूड, बर्लेस्क, एपिलॉग. एकूण बावीसेक मिनिटं. प्रोलॉगची सुरुवात स्नेअर ड्रमवरच्या ट्रंपेटच्या हाकेनं होते. डान्समध्ये 'द साइडवॉक्स ऑफ न्यूयॉर्क' या त्या शहरात प्रत्येकाला पाठ असलेल्या गाण्याचा तुकडा मूट लावलेल्या ट्रंपेटमधून येतो. इंटरल्यूडमध्ये इंग्लिश हॉर्नचं लांबलचक, ब्लूजच्या वळणाचं गाणं आहे, आणि आमच्या मते या सगळ्या काळातलं सर्वात सुंदर पान तेच. बर्लेस्क लिहिताना फॅनी ब्राइस या विनोदी नटीची ढब मनात होती. एपिलॉगमध्ये प्रोलॉगची सामग्री शांतपणे परत येते.

त्यासाठी किती वादक लागतात?

अठरा जणांत भागतं. फुंकीची चार वाद्यं: बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बसून. पितळी तीन: दोन ट्रंपेट आणि एक ट्रोम्बोन. शिवाय पियानो, तालवाद्यं आणि तंतुवाद्यं. बासरीवाल्यानं पिकोलो, ओबोवाल्यानं इंग्लिश हॉर्न आणि क्लॅरिनेटवाल्यानं ई-फ्लॅट क्लॅरिनेटही वाजवायचं असतं. वादक बोलावतानाच हे विचारून घ्या. ओबो चांगला वाजवणाऱ्याकडे इंग्लिश हॉर्न नसणं ही नेहमीची अडचण आहे, आणि इंग्लिश हॉर्नशिवाय इंटरल्यूड होत नाही.

तंतुवादक वाढवायचे असतील तर वाढवता येतात. पण फार वाढवले तर डान्सची धार जाते आणि दोन ट्रंपेटना नाहक जोर लावावा लागतो.

त्यातला 'डान्स' तालमीत सारखा सांडतो. का?

तो बराचसा ५/८ मध्ये आहे आणि वेगवान आहे. पाच मात्रा २ आणि ३ अशा पडणार की ३ आणि २, हे सुरावटीवर ठरतं. तालीम कमी झालेला वादक नकळत तीनच्या गटाला ट्रिपलेट करतो, म्हणजे तीन मात्रा दोनच्या जागेत दाबतो. एकानं असं केलं की पुढच्या बारच्या पहिल्या मात्रेवर सगळे वेगवेगळ्या वेळी पोहोचतात.

उपाय असा. आधी मेट्रोनोम लहान मात्रेवर लावून, निम्म्याहून कमी वेगात, सुरांशिवाय सगळ्यांकडून नुसती अक्षरं म्हणून घ्या. मग फक्त पियानो, तालवाद्य आणि डबल बास यांना एकत्र वाजवू द्या, कारण बाकीचे यांच्यावरच उभे असतात. मग ट्रंपेट आणि क्लॅरिनेट घ्या, शेवटी तंतुवाद्यं. कंडक्टरनं बारला दोन असमान बीट द्यावेत, आणि लांब बीट कुठला ते पार्टवर (प्रत्येक वादकाच्या स्वतंत्र प्रतीवर) पेन्सिलीनं काठी आणि त्रिकोण काढून लिहून घ्यावं. वेग शेवटच्या तालमीपर्यंत हळूहळू वाढवा. एकदम पूर्ण वेगात गेलात तर आठवड्याची मेहनत एका फेरीत जाते.

पिझिकाटोकडेही, म्हणजे तार बोटानं छेडण्याकडेही, लक्ष द्या. तिथे वादक मागे पडू शकतात. त्यांना ट्रंपेटकडे न ऐकता कंडक्टरकडे पाहायला सांगा.

पियानो कंचेर्टोवर एवढी टीका का झाली?

२८ जानेवारी १९२७ ला बॉस्टनमध्ये कुसेव्हिट्स्की कंडक्टर होते आणि पियानोवर स्वतः कोपलंड. सिम्फनी हॉलमध्ये नाचघराचं संगीत आलं म्हणून समीक्षक आणि श्रोते दोघंही चिडले. कृती सोळाएक मिनिटांची, दोन जोडलेल्या भागांची. पहिला संथ, रुंद, ब्लूजच्या छटेचा. दुसरा तुटक, चक्रावणारा. पियानोवादक बऱ्याचदा दुसऱ्या भागात सगळ्या मात्रा झुलवून वाजवतात. ते टाळा. ठिपक्याचे स्वर कुठे हवेत ते कोपलंड यांनी लिहूनच ठेवलं आहे. त्यावर आणखी झोका दिला की वाद्यवृंदाच्या सरळ मात्रांशी ते जुळत नाही.

'सिम्फॉनिक ओड' कमी का वाजते?

वाद्यवृंद अवाढव्य आणि लय कठीण. १९२७ ते १९२९ मध्ये लिहिली आणि बॉस्टन सिम्फनीच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त १९ फेब्रुवारी १९३२ ला वाजली. आधी कुसेव्हिट्स्की यांनी बार पुन्हा पाडायला सांगितले, कारण आहे तशा मापांत ती वाजवणं वादकांना झेपत नव्हतं. कोपलंड यांनी तालमीत स्वतः ऐकलं, मग मान्य केलं. संगीत तेच ठेवून फक्त बाररेषा हलवल्या. १९५५ मध्ये त्याच संस्थेच्या पंचाहत्तरीसाठी त्यांनी वाद्यवृंद थोडा आवरून नवी प्रत केली. आज बहुधा तीच वाजते. प्रकाशकाकडून भाडेप्रत मागवताना कोणती हवी ते स्पष्ट लिहा.

सुरुवातीच्या पितळी घोषणेचं बीज 'नॉक्टर्न' या व्हायोलिन-पियानोच्या १९२६ च्या लहान रचनेत आहे. ती आधी ऐकलीत तर ओडचा मोठा आवाज परका वाटत नाही.

'शॉर्ट सिम्फनी' पंधरा मिनिटांचीच, मग एवढी भीती कशाची?

मापं जवळजवळ दर बारला बदलतात, पोत विरळ आहे, आणि लपायला जागा नाही. ट्रोम्बोन नाहीत, ट्यूबा नाही, तालवाद्यं अजिबात नाहीत. पियानो आहे, आणि हेकलफोन हे क्वचित मिळणारं खालच्या सुरातलं ओबोकुळातलं वाद्य आहे. लय धरून ठेवणारा ड्रमवाला नसल्यानं प्रत्येक वादकानं स्वतःच मात्रा मोजायच्या. स्टोकोव्स्की आणि कुसेव्हिट्स्की दोघांनीही ती घेतो म्हटलं आणि सोडून दिली. २३ नोव्हेंबर १९३४ ला मेक्सिको सिटीत कंडक्टर कार्लोस चावेस यांनी दहा तालमी घेऊन ती उभी केली, आणि कृती त्यांनाच अर्पण आहे. अमेरिकेत ती १९४४ मध्ये, स्टोकोव्स्की यांच्याच हातून, एनबीसीच्या रेडिओ प्रक्षेपणात पहिल्यांदा ऐकू आली.

वाट पाहून कंटाळलेल्या कोपलंड यांनी १९३७ मध्ये तिचं षट्क केलं: क्लॅरिनेट, पियानो आणि तंतुचौकडी. सहा चांगले वादक हाताशी असतील तर तेच घ्या. वाद्यवृंदासाठी घ्यायची असेल, तरी मुख्य वादकांनी आधी षट्क वाजवावं. पूर्ण तालमींचा वेळ त्यात वाचतो.

एक गोष्ट धीर देणारी. ऑर्फियस हा कंडक्टरशिवाय वाजवणारा न्यूयॉर्कचा वाद्यवृंद आहे, आणि त्यानं ही कृती ध्वनिमुद्रित केली आहे. एकमेकांना ऐकत लहान मात्रा सम ठेवली तर ही कृती बसते.

'स्टेटमेंट्स'?

सहा लहान भाग, सगळे मिळून अठरा-एकोणीस मिनिटं. नावं: मिलिटंट, क्रिप्टिक, डॉगमॅटिक, सब्जेक्टिव्ह, जिंगो, प्रॉफेटिक. शेवटचे दोन १९३६ मध्ये मिनियापोलिसला वाजले. पूर्ण संच ७ जानेवारी १९४२ ला न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर दिमित्री मित्रोपुलोस यांनी सादर केला. 'जिंगो'मध्ये 'साइडवॉक्स ऑफ न्यूयॉर्क' पुन्हा येतं, या वेळी अधिक बोचरं.

'हिअर ये! हिअर ये!' हे बॅले कशाबद्दल आहे?

कोर्टातल्या खटल्याबद्दल. नाइटक्लबमध्ये खून झालेला आहे. तीन साक्षीदार तीन वेगवेगळे प्रकार सांगतात आणि प्रत्येक वेळी तोच खून वेगळ्या रीतीनं मंचावर घडतो. नृत्यदिग्दर्शन रूथ पेज यांचं, पहिला प्रयोग ३० नोव्हेंबर १९३४ ला शिकागोत. रंगमंचावर आलेलं कोपलंड यांचं हे पहिलं बॅले. सुरुवातीला अमेरिकेचं राष्ट्रगीत मुद्दाम वाकडं करून येतं. मेंडेल्सोनचं लग्नाचं मार्चही येतं, कारण साक्षीदारांत मधुचंद्राला आलेलं जोडपं आहे.

नंतर कोपलंड यांनी ते फारसं पुढे केलं नाही. तरी ते ऐकावं. नाचणाऱ्या माणसांसाठी नेमक्या सेकंदांत प्रसंग कसा संपवायचा, हे त्यांनी इथे प्रत्यक्ष शिकून घेतलं. चार वर्षांनी, १६ ऑक्टोबर १९३८ ला, शिकागोतच 'बिली द किड' आलं, आणि त्यातल्या बंदुकीच्या चकमकीची आखणी इतकी काटेकोर का आहे ते 'हिअर ये!' ऐकल्यावर उमगतं.

ऐकायला कुठून सुरुवात करावी? कोणती ध्वनिमुद्रणं?

आधी 'म्युझिक फॉर द थिएटर', लिओनार्ड बर्नस्टाइन आणि न्यूयॉर्क फिलहार्मोनिक यांचं. इंटरल्यूड दोनदा ऐका. मग पियानो कंचेर्टो, तेच कंडक्टर, पियानोवर स्वतः कोपलंड. ऑर्गन सिम्फनीसाठी ऑर्गनवादक ई. पॉवर बिग्ज आणि बर्नस्टाइन.

त्यानंतर 'डान्स सिम्फनी', 'शॉर्ट सिम्फनी', 'ओड' आणि 'स्टेटमेंट्स' कोपलंड यांनीच लंडन सिम्फनीबरोबर केलेली घ्या. त्यांचं कंडक्टिंग चकचकीत नाही, वेगही कधीकधी सावध आहेत, पण ठोका कुठे पडायला हवा हे स्पष्ट कळतं. अधिक धारदार वादन हवं असेल तर मायकल टिल्सन थॉमस आणि सॅन फ्रान्सिस्को सिम्फनी. पहिली सिम्फनी, 'शॉर्ट' आणि 'डान्स' एकाच डिस्कवर मरिन ऑलसप आणि बोर्नमथ सिम्फनी यांनी केल्या आहेत.

'ग्रोग'साठी नसन आणि क्लीव्हलंड ऑर्केस्ट्रा. त्याच डिस्कवर लंडन सिन्फोनिएटाबरोबरचं 'हिअर ये!' आहे. लेनर्ड स्लॅटकिन आणि डेट्रॉइट सिम्फनी यांनीही ही दोन्ही बॅले केली आहेत. 'ग्रोग' ऐकताना भागांची नावं समोर ठेवा, नाहीतर कोण नाचतंय ते कळत नाही आणि अर्धी मजा जाते.

हे संगीत भारतात वाजवायचं असेल तर परवानगी लागते का?

लागते. भारतीय कायद्यात रचनाकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतात. कोपलंड १९९० मध्ये वारले, म्हणजे २०५० च्या अखेरपर्यंत. स्कोअर आणि पार्ट बूझी अँड हॉक्स या प्रकाशकांकडून मिळतात. मोठ्या कृतींचे पार्ट विकत न मिळता भाड्यानं मिळतात, आणि प्रयोगाचा हक्क वेगळा घ्यावा लागतो. चौकशी करताना कृतीचं पूर्ण नाव, मांडणीचं वर्ष, प्रयोगांची संख्या, सभागृहाची आसनक्षमता आणि ध्वनिमुद्रण किंवा थेट प्रक्षेपण होणार आहे का, एवढं कळवा. ध्वनिमुद्रणाची परवानगी मागाहून काढायला गेलं तर अडते.

पार्ट हाती आले की पहिल्याच दिवशी स्कोअरशी ताडून पाहा. आधीच्या वाद्यवृंदांच्या पेन्सिलीच्या खुणा त्यांवर असतात, आणि कोणीतरी २ आणि ३ चा गट ३ आणि २ असा लिहून ठेवलेला असू शकतो. 'डान्स सिम्फनी' आणि 'ओड'मध्ये अशी एक चुकीची खूण तालमीत शोधायला अर्धा तास जातो. परत पाठवताना आपल्या खुणा मात्र खोडून पाठवाव्या लागतात, म्हणून पेन वापरू नका.

मुंबईसारख्या ठिकाणी यातलं काय बसवणं शक्य आहे?

एनसीपीएच्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियासारख्या पूर्ण वाद्यवृंदाला 'डान्स सिम्फनी' किंवा पहिली सिम्फनी घेता येईल. महाविद्यालयातल्या किंवा हौशी गटानं 'म्युझिक फॉर द थिएटर'मधले प्रोलॉग, इंटरल्यूड आणि एपिलॉग एवढेच आधी बसवावेत. हे तिन्ही भाग बरेचसे संथ आहेत, लयीची कसोटी कमी आणि सुराची जास्त. डान्स आणि बर्लेस्क पुढच्या वर्षी घ्या. सुटे भाग वाजवायचे असतील तर तेही प्रकाशकाला आधी कळवावं लागतं. षट्कासाठी क्लॅरिनेटवादक मात्र अनुभवी हवा. बाकी पाचजण त्याच्या श्वासावर सुरुवात करतात.